पणजीची दोन नावे

प्रिय बाळा, अनेक आशीर्वाद.

शाळेने दिलेल्या वंशवृक्षाच्या तक्त्यात पणजीच्या चौकटीपाशी तू अडलीस आणि विचारलेस, की तिच्या फोटोमागे एक नाव लिहिलेले आहे आणि आत्याआजी फोनवर दुसरेच नाव सांगते, तर मग खरे नाव कोणते? दोन्ही खरी आहेत. एक नाव बारशाला पाळण्यात ठेवलेले, दुसरे लग्नात मिळालेले. त्या काळी लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने त्यात वधूचे नवे नाव लिहीत असे. त्याबरोबर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव आणि माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचे आडनाव लागे, म्हणजे नावातले तिन्ही शब्द एकाच दिवसात बदलत. (मी माझे बदलले नाही आणि त्यावरून घरात बरीच कुजबुज झाली, पण तो विषय वेगळा.)

वंशावळ शोधणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. पणजोबा एका गावात, एका नावाने सलग सापडतात. पणजी मात्र दोन गावांत विभागलेली आहे, आणि कागदावर ती जवळजवळ नेहमी कोणाची तरी मुलगी, बायको किंवा आई म्हणूनच येते. तिचे माहेर अमळनेर तालुक्यातले आणि सासर शिंदखेडा तालुक्यातले. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यात अमळनेर पूर्वेकडे गेले आणि शिंदखेडा पश्चिमेकडे. त्यामुळे तिच्या जन्माचे दप्तर आज जळगाव जिल्ह्यात शोधावे लागते आणि संसाराचे धुळे जिल्ह्यात. सोयरिकीला मात्र ही हद्द आड आली नाही, कारण सुरत-भुसावळ रेल्वेवर अमळनेर आणि नरडाणा ही दोन्ही स्टेशने आहेत, आणि माझ्या मते आपल्या घराण्यातल्या निम्म्या सोयरिकी तरी त्या रुळांनीच जुळवल्या असाव्यात.

त्या काळच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात असते. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी देई आणि ती या पुस्तकात चढे. पणजीच्या वेळचे लिखाण मोडी लिपीत असल्यामुळे नक्कल मिळाल्यावर ती जाणकाराकडून वाचून घ्यावी लागते. वर्दी बारशाच्या आधीच जात असल्यामुळे तिथे मुलीचे नाव बहुधा नसतेच, फक्त बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगी’. मग अनेक बहिणींपैकी आपली कोणती, हे कसे ओळखायचे? इथे आत्याआजीचे एक वाक्य उपयोगी पडले: ‘माय अखाजीच्या दुसऱ्या दिवशी झाली.’ अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि तिची प्रत्येक वर्षाची तारीख जुन्या पंचांगावरून काढता येते. एप्रिल-मे महिन्यांतल्या नोंदी तेवढ्या पाहत गेल्यावर तिच्या वडिलांच्या नावापुढची बरोबर त्या तारखेची एकच ‘मुलगी’ उरली.

सासरकडची सर्वांत बोलकी नोंद फेरफाराची, म्हणजे जमिनीवरचे नाव बदलल्याची आहे. पणजोबा अकाली गेले तेव्हा जमिनीला वारस म्हणून तुझ्या आजोबांचे नाव लागले, आणि ते लहान असल्यामुळे त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ अशी अक्षरे आली, म्हणजे वारस अज्ञान, पालनकर्ती आई. पुढची कित्येक वर्षे पेरणी, सालदार, सोसायटीचे कर्ज हे सगळे पाहणारी बाई सातबाऱ्यावर एवढ्या चार अक्षरांत आहे. त्याच काळातल्या एका कागदावर तिची निशाणी आहे, डाव्या हाताचा अंगठा, कडेला शाई फाकलेली. पण माहेरच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ती दुसरीपर्यंत शिकल्याचे लिहिलेले आहे आणि आत्याआजी सांगते की ती पोथी वाचत असे. मला वाटते, लिहिणाऱ्याने बाई समोर पाहिली आणि न विचारताच शाईची पेटी पुढे केली.

पाळण्यातले नाव मात्र त्या रजिस्टराखेरीज कोणत्याही कागदावर मला दिसले नाही. ते माणसांच्या तोंडी टिकले. अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आणि तेवढे दिवस भाऊ-भावजया तिला जुन्याच नावाने हाक मारत. आत्याआजी लहानपणी तिच्याबरोबर आजोळी जात असे, म्हणून ते नाव तिला ठाऊक आहे आणि तुझ्या आजोबांना, जे शेताच्या राखणीला मागे राहत, ते फारसे ऐकू आले नाही.

तेव्हा तक्त्यात आधी पाळण्यातले नाव वडिलांच्या नावासह लिही, खाली लग्नानंतरचे पूर्ण नाव लिही आणि दोन्ही गावे घाल. चौकट पुरत नसेल तर मागच्या बाजूला लिहिले तरी चालेल. तिच्या आईची चौकट अजून रिकामी आहे. अखाजीलाच पितरांच्या नावाने घागर भरतात, म्हणून रविवारी फोन करशील तेव्हा आत्याआजीला विचार, की आजोळी ती घागर कोणाकोणाच्या नावाने भरली जायची. प्रश्न अहिराणीत विचारलास तर ती जास्त सांगेल.

तुझी,
आई