महार रेजिमेंटच्या बॅजवर रायफली नाहीत

तुम्ही विचारलंय, बॅजवर दोन रायफली आणि खंजीर का, आणि पूर्वी तिथे भीमा कोरेगावचा स्तंभ होता हे खरं का.

स्तंभ होता. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला पहिली पलटण उभी राहिली, तेव्हाच्या पहिल्या बॅजवर तोच होता. पण रायफली कधीच नव्हत्या. त्या विकर्स मशीनगन आहेत, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सपासून स्मृतिचिन्हांपर्यंत सगळीकडे दस्त्याच्या रायफली रंगवलेल्या बघून माझं डोकं फिरतं.

ओळखायला सोपं आहे. विकर्सला खांद्याला लावायचा दस्ता नसतो. मागे दोन उभ्या मुठी आणि मधे अंगठ्याने दाबायचा घोडा. नळीभोवती जाड नळकांडं, त्यात सुमारे चार लिटर पाणी. सलग गोळीबारात ते उकळायला लागतं आणि वाफ रबरी नळीने डब्यात जाऊन पुन्हा पाणी होते. पट्टा २५० गोळ्यांचा, कापडी. बॅज घासून गुळगुळीत झाला तरी ते जाड नळकांडं दिसतंच. चित्रकार नेमकं तेच बारीक करतात, म्हणून रायफल होते.

या गन आल्या १९४६ साली. रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली, कामठीला केंद्र आलं आणि स्तंभावर दोन विकर्स तिरप्या चढल्या. पुढे स्तंभ गेला, खंजीर आला.

‘आता हे साधं पायदळ आहे, मग मशीनगन कशाला?’ हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि मला तो अजिबात पटत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चिन्हात बिगुल आहे. आज लढाईत बिगुलावर हुकूम कोण देतं? तरी तो काढा असं कुणी म्हणत नाही. पलटण काय होती, कशावर लढली, हे बॅजने सांगायचं असतं. विकर्स तशाच राहिल्या पाहिजेत. स्तंभही राहायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात आज या रेजिमेंटमध्ये देशभरातल्या सगळ्या समाजांचे जवान आहेत, हेही लक्षात घ्यायला हवं. आणि बाजारात मिळणाऱ्या पितळी बॅजवरून काही ठरवू नका. जुने म्हणून विकलेले कित्येक नव्या साच्यातले असतात.