भोवरा फिरत नाही म्हणून पोर रडतंय?

रडू द्या थोडं. सुरुवातीला भोवरा कोणाचाच फिरत नाही. तुम्ही एवढंच बघा:

१. सावंतवाडीचा रंगीत भोवरा दिसतो देखणा, पण शिकायला साधा लाकडी, पोराच्या मुठीत मावेल असा घ्या. आर, म्हणजे खालची लोखंडी अणी, वाकडी असली तर भोवरा थरथरतो. तो दोष पोराचा नाही.

२. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, आरीपासून वर, वेढ्याला वेढा चिकटवून घट्ट गुंडाळायची. बहुतेकांची गोची इथेच होते. वेढे सैल, नाहीतर एकमेकांवर चढलेले, मग भोवरा धोंड्यासारखा पडतो. पण गुंडाळून तुम्ही देऊ नका! दहादा लोळला की अकराव्यांदा पोर आपणहून जाळी ताणून धरतं. हे सांगून कळत नाही.

३. भोवरा सुटताच हात झटकन मागे. जमीन चोपलेल्या मातीची हवी (फरशीवर टवका उडाला की बोलणी कोण खाणार ते ठरलेलंच), आणि समोर कोणी उभं नको.

हातजाळीचं (भोवरा जमिनीला न टेकवता वरच्यावर हातावर घ्यायचा) आत्ता नावही काढू नका. थोरल्या पोरांच्या रिंगणात जायचं म्हणालं तर जुना भोवरा देऊन पाठवा. हरणाऱ्याच्या भोवऱ्यावर तिथे आरीचे घाव बसतात.