पार्किंग कुठंय ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि इंधन

प्रश्न : सून रोज पीथमपूरला कंपनीत जाते, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतं. नवीन छोटी गाडी घ्यायचीये. मुलगा म्हणतो इलेक्ट्रिक, मी म्हणते सीएनजी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, गाडी गल्लीत उभी राहते. (इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एक काकू)

काकू, नुसतं रनिंग बघितलं तर मुलाचं बरोबर आहे. रोजचं ठरलेलं पन्नास किलोमीटर इलेक्ट्रिकला एकदम फिट बसतं, छोटी गाडी एका युनिटमध्ये साधारण सहा-सात किलोमीटर जाते म्हणजे रोजची सात-आठ युनिटं, घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर तीनेक तासांत भरून होतील. पण सॉकेट तुमचं तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी खाली गल्लीत, मग काय गॅलरीतून वायर सोडायची? मुळीच नाही, पावसाळ्यात तर जिवाशी खेळ आहे तो. बिल्डिंगवाले खाली स्वतंत्र मीटर-सॉकेट लावू देत असतील तर मुलाचं ऐका, नाहीतर कंपनी फिटेड सीएनजी घ्या. म्हणूनच मी प्रत्येकाला आधी पार्किंग विचारतो, इंजिनाचं नंतर.

सेकंडहँड सीएनजी घेत असाल तर पैसे देण्याआधी डिकी उघडा, मोबाइलचा टॉर्च मारा आणि सिलिंडरची प्लेट वाचा. शेवटची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासण्याची चाचणी, कधी झाली ते त्यावर असतं. दर तीन वर्षांनी ही टेस्ट करावीच लागते, कारण आत गॅस 200 बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण दोनशेपट दाबाने भरलेला असतो. प्लेट नाही किंवा तारीख उलटून गेलीये तर सरळ उठून या, कितीही स्वस्त मिळत असली तरी. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवलंय का तेही बघा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल.

आणि इंदूरमध्ये राहून सीएनजीचा विषय निघाला की मला देवगुराडियाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवर, 19 फेब्रुवारी 2022 ला बायो-सीएनजीचा प्लांट सुरू झाला, रोज 550 टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता आहे आणि त्यातून दिवसाला 17 हजार किलोच्या आसपास गॅस निघू शकतो, वर खतही मिळतं. आपल्या सिटी बस त्या गॅसवर धावतात! कचरा बंद टाकीत, हवा न लागता कुजतो, त्यातून जो गॅस येतो त्यात निम्म्याहून थोडा जास्त मिथेन असतो, बाकीचा कार्बन डायऑक्साइड वगैरे काढून टाकला की गाडीत चालणारा गॅस तयार. हाच कचरा उघड्यावर ढिगात सडला असता तर तो मिथेन हवेत गेला असता आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पटीच्या आसपास उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे भाजीची देठं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकू नका हो, हात जोडून सांगतो, ते प्लास्टिक पुढे कोणाला तरी वेगळं करावंच लागतं.

प्रश्न : माझी 2016 ची पेट्रोल गाडी, आता सगळीकडे ई-20 च मिळतंय, अ‍ॅव्हरेज पडलंय. इंजिन बसेल का? (लोकमान्य नगर)

ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या रिपोर्टमध्येच जुन्या डिझाइनच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घट धरलीये. म्हणजे 18 देणारी गाडी 17 च्या आसपास आली तर समजू शकतो, पण 13 वर आली असेल तर इथेनॉलवर खापर फोडू नका, टायरमधली हवा, एअर फिल्टर, प्लग, क्लच बघून घ्या. लगेच इंजिन बसेल असं नाही, पण तुमच्या गाडीचं रबर ई-20 साठी बनवलेलं नाही, त्यासाठीचं मटेरियल एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांत आलं. तेव्हा सर्व्हिसिंगला फ्युएल पाइप हाताने दाबून बघायला सांगा, चिरा पडल्या असतील किंवा पाइप फुगून चिकट लागत असेल तर तेव्हाच बदला, पेट्रोलचा वास येईपर्यंत थांबू नका. इथेनॉल ओलावा पण ओढतं, म्हणून टाकीत पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

प्रश्न : वीज कोळशाचीच ना, मग इलेक्ट्रिकने काय साधलं? (राजेंद्र नगर)

काका, आपल्याकडची बहुतेक वीज अजून कोळशाची आहे हे खरंच. पण पेट्रोल इंजिन इंधनातली जेमतेम पाव हिस्सा ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं, बाकी उष्णतेत जाते, इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतली 80 टक्क्यांच्या वर पोचवते आणि ब्रेक मारताना थोडी परत पण घेते. शिवाय शाळेच्या गेटपाशी गाडी उभी असते तेव्हा पोरांच्या नाकात धूर जात नाही, मला तर हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. आपल्या मध्य प्रदेशातल्या रीवासारखे 750 मेगावॅटचे सोलर पार्क वाढत जातील तशी तुमची तीच इलेक्ट्रिक गाडी आणखी स्वच्छ होत जाईल, पेट्रोल गाडीचं तसं होत नाही. घरी चार्जिंगसाठी वेगळी वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डवर गाडी लावायची नाही.

प्रश्न : हायड्रोजनसाठी थांबू का? (तिलक नगर)

नका थांबू. टोयोटाची मिराई ही हायड्रोजनवरची गाडी 2022 मध्ये चाचणीसाठी आपल्या देशात आली, पण अशा गाडीला 700 बारची टाकी लागते आणि तेवढ्या दाबाने भरणारा पंप लागतो, तो आपल्या रोजच्या रस्त्यावर नाही. तुमचं रनिंग आणि पार्किंग लिहून पाठवा, पुढच्या अंकात तुमच्यासाठी काय बरं पडेल ते सांगतो.