वाचकांचे प्रश्न : ओळखीचे नायक असूनही लढत का रंगत नाही?

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोकू, लुफी आणि नारुतो या जपानी चित्रकथांतल्या नायकांना मी व माझा धाकटा भाऊ शाळेत असल्यापासून पाहत आलो आहोत. यंदा कापूस वेचणीच्या मजुरीतून आणि मामांनी दिलेल्या थोड्या पैशांतून आम्ही टीव्हीला जोडून खेळायचे एक जुने यंत्र, प्लेस्टेशन 4, घेतले व त्यासोबत ‘जंप फोर्स’ या खेळाची वापरलेली डिस्क घेतली. हे तिघे एकाच खेळात लढतात, एवढे वेष्टनावर पाहूनच आम्ही ती उचलली होती. प्रत्यक्षात पात्रे मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसतात, दोन-चार वाक्ये बोलून झाली की पुन्हा थांबावे लागते आणि क्रमवारीचे ऑनलाइन सामने सुरूच होत नाहीत. विकणारा म्हणतो, तुमच्या गावात नेटवर्क नाही, त्याला मी काय करू? भावाने आठ दिवसांत खेळणे सोडले. दोष यंत्राचा, नेटवर्कचा की खेळाचा? आणि आता पैसे जमवून दुसरा कोणता खेळ घ्यावा?

— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : तुमचे पत्र वाचून वाईट वाटले, कारण वेचणीच्या मजुरीचा एकेक रुपया कसा जमतो हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. नेटवर्कचा विषय आधी संपवू. ‘जंप फोर्स’ची विक्री फेब्रुवारी 2022 मध्ये थांबवण्यात आली आणि 24 ऑगस्ट 2022 रोजी त्याची ऑनलाइन सेवाही बंद झाली. त्यामुळे क्रमवारीचे सामने आणि खेळाच्या आतले दुकान आता नागपुरात बसून खेळणाऱ्यालाही मिळणार नाही. तुमच्या गावाचा त्यात काडीचाही दोष नाही, आणि वापरलेली डिस्क विकताना ही गोष्ट आधी सांगणे विक्रेत्याचे काम होते. डिस्कवरची कथा आणि एका घरात दोघांनी खेळायचे सामने मात्र चालू राहतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ‘शोनेन जंप’ हे जपानी चित्रकथांचे साप्ताहिक 1968 मध्ये सुरू झाले आणि त्याच्या पन्नाशीच्या निमित्ताने हा खेळ आखण्यात आला. तो फेब्रुवारी 2019 मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यात सुमारे चाळीस लढवय्ये होते, आणि त्यातल्या नव्या पात्रांची रचना तर गोकूच्या ‘ड्रॅगन बॉल’ या चित्रकथेचे जनक अकिरा तोरियामा यांनीच केली होती. म्हणजे साहित्य उत्तम होते. बिघडले ते पहिल्याच निर्णयात, कारण या पात्रांना खऱ्या जगात, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि मॅटरहॉर्न पर्वतावर आणायचे म्हणून त्यांना खऱ्या माणसांसारखी कातडी, खऱ्या कापडाचे पोत आणि चकाकणारे डोळे देण्यात आले. लुफीचा चेहरा मुळात काय आहे? दोन गोल, त्यांत दोन ठिपके आणि कानापर्यंत फाटलेले हसू. त्या गोलांमध्ये ओलसर, खरे बुबुळ बसवले की तो हसत असतानाही आपल्याकडे टक लावून पाहतो आहे असे वाटते, आणि संवादाच्या वेळी ओठ जेमतेम हलत असल्यामुळे तुम्हाला दिसला तो मेणाचा पुतळा तयार होतो.

तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे मुले जो लाकडी नंदी ओढत नेतात, तो आठवून पाहा. चांगला सुतार त्याला खरी कातडी चिकटवत नाही. तो वशिंडाचा उठाव साधतो, मानेला किंचित बाक देतो, पुढचे पाय रोवल्यासारखे ठेवतो, आणि चाकांवर उभा असलेला तो लाकडाचा तुकडा लगेच बैल वाटू लागतो. चित्रकथेतल्या नायकाचेही तसेच आहे. त्याची ओळख त्याच्या ठेवणीत आणि हालचालीत असते.

हे काम करून दाखवणारा खेळ एक वर्ष आधीच, जानेवारी 2018 मध्ये आला होता. आर्क सिस्टिम वर्क्स या जपानी मंडळींनी बनवलेल्या ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’मध्येही आकृत्या संगणकावर घडवलेल्या त्रिमितीच आहेत, पण पाहणाऱ्याला त्या हाताने रंगवलेल्या वाटतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टीव्हीवरच्या जपानी कार्टूनमध्ये, म्हणजे अॅनिमेत सेकंदाला चोवीस चित्रचौकटी जातात, तरी चित्र सहसा दर दोन किंवा तीन चौकटींनंतर बदलते, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रे असतात. त्यामुळे ठोसा क्षणभर थांबतो आणि मग एकदम आदळतो. या खेळाच्या कलावंतांनी संगणकाकडून मधल्या हालचाली आपोआप भरून घेण्याचे टाळले, एकेक पवित्रा हाताने लावला, तो मुद्दाम काही चौकटी धरून ठेवला आणि चेहऱ्यावर सावली कुठे पडावी हेही चित्रकाराच्या नजरेने ठरवले. ‘जंप फोर्स’मधील पात्रे सगळीकडे सारखी गुळगुळीत हलतात, म्हणून गोकूच्या ठोशाला वजन येत नाही.

दुसरी त्रुटी माझ्या मते दिसण्याच्या त्रुटीपेक्षाही मोठी आहे. ‘जंप फोर्स’मध्ये तीन गडी निवडता येतात, पण तिघांची जीवनपट्टी, म्हणजे किती जीव उरला हे दाखवणारी पडद्यावरची पट्टी, एकच असते. कबड्डीत चढाई करणारा बाद झाला की तो बाहेर बसतो आणि उरलेल्यांचा सगळा डाव बदलतो. इथे कोणी बाद होतच नाही, म्हणून कोणाला वाचवायचे आणि कोणाला पुढे करायचे हा विचारच उरत नाही. नारुतोऐवजी लुफी आत आला तरी फरक पडतो तो मुख्यतः कपड्यांचा. ‘फायटरझेड’मध्येही तीन गडीच आहेत, परंतु प्रत्येकाचा जीव वेगळा आहे, बाहेर थांबलेल्याची काही ताकद हळूहळू भरून येते आणि त्याला मदतीचा एक वार करायला हाक मारता येते. तुमच्या भावाने आठ दिवसांत खेळ सोडला याचे उत्तर मला इथे दिसते.

‘डेथ नोट’ या चित्रकथेतील लाइट यागामीही ‘जंप फोर्स’च्या कथेत आहे, पण त्याला घेऊन लढता येत नाही, हे मात्र मला पटते. तो ठोसे मारणारा मुलगा नाहीच. इतका विचार बाकीच्यांच्या बाबतीत व्हायला हवा होता, असे राहून राहून वाटते. याच साप्ताहिकातील नायकांना घेऊन 2005 मध्ये निन्टेंडो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रावर ‘जंप सुपर स्टार्स’ नावाचा खेळ आला होता. त्यात चित्रकथेच्या पानांवरील चौकटी जुळवूनच आपला संघ बांधायचा असे. यंत्र लहान होते, पण खेळ मूळ चित्रकथेशी इमान राखून होता.

वारंवार थांबावे लागते, त्यात खेळाच्या बांधणीचा वाटा मोठा आहे, कारण प्रत्येक मोहिमेसाठी मोठ्या तळावर धावत जायचे, मग प्रसंग लोड व्हायचा, मग लढत पुन्हा वेगळी लोड व्हायची, असा त्याचा क्रम आहे. यंत्रातील जुनी हार्ड डिस्क काढून अडीच इंची एसएसडी, म्हणजे जास्त वेगाने चालणारी साठवणूक डिस्क, बसवली तर हा वेळ कमी होतो. तिची जाडी साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. मात्र या एका खेळासाठी तो खर्च करू नका. भाव वाढेपर्यंत कापूस घरातच साठवला असेल, तर यंत्र त्या खोलीत ठेवू नका, कारण त्याचा पंखा हवेबरोबर तंतूही आत ओढतो आणि यंत्र तापू लागते.

पुढचा खेळ म्हणून मी ‘फायटरझेड’च सुचवीन. त्यात सुरुवातीचे चोवीस लढवय्ये आहेत आणि नंतरचे वेगळे विकत घ्यावे लागतात, पण दोघा भावांना चोवीस पुष्कळ झाले. तुमचे मन नारुतोत अधिक असेल, तर 2016 मधील ‘अल्टिमेट निन्जा स्टॉर्म 4’ पाहा. दोन्ही खेळ शेजारी बसून, इंटरनेटशिवाय खेळता येतात, मात्र त्यासाठी दोन कंट्रोलर लागतील. डिस्क घेण्याआधी ती दुकानातच यंत्रात घालून एक पूर्ण सामना खेळायला मागा, आणि जाताना धाकट्या भावाला सोबत न्या.