अकराव्या दिवशी पोटात पाणी हलल्यासारखे वाटणे: लायपोसक्शननंतरचा माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि तीन वर्षांपूर्वीची माझी बाराव्या दिवसाची रात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आली. पोटाचे आणि कमरेच्या दोन्ही बाजूंचे लायपोसक्शन (कातडीखालची चरबी नळीने शोषून काढण्याची शस्त्रक्रिया) होऊन तुम्हाला अकरा दिवस झाले आहेत, कुशीवर वळताना बेंबीखाली पाणी हलल्यासारखे वाटते आणि क्लिनिकमधून ‘सूज आहे, उतरेल’ एवढेच उत्तर येते. खाज आणि काच सहन होत नाही म्हणून शस्त्रक्रियेनंतर पोटावर दाब देण्यासाठी घालायचा पट्टा रात्री काढून ठेवावा का, गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे का आणि पुढच्या महिन्यातील लग्नाचे कपडे आताच शिवायला टाकावेत का, असे तुम्ही विचारले आहे. पट्टा स्वतःच्या मनाने काढू नका, शेकू तर मुळीच नका आणि उद्याच्या उद्या सर्जनकडून पोट हाताने तपासून घ्या, एवढे आधी सांगते. मी डॉक्टर नाही. एका पतसंस्थेत हिशेब तपासण्याचे काम करते. त्यामुळे पुढचे सारे एका रुग्णाचा अनुभव आणि नंतर डॉक्टरांना विचारून समजून घेतलेल्या गोष्टी एवढ्याच अर्थाने वाचावे.

भरपूर पाणी पिणे, घरातल्या घरात चालणे आणि गोळ्या वेळेवर घेणे हे तुम्हाला सांगितले असणारच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही.

सूज आणि साचलेले पाणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणीही सांगितले नव्हते. चरबी काढण्याआधी तिच्यात सलाइन, लिडोकेन (जागा बधिर करणारे औषध) आणि अॅड्रेनलिन (रक्तस्राव कमी करणारे औषध) यांचे मिश्रण भरतात. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली हीच पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. या मिश्रणातील उरलेले पाणी पहिले एक-दोन दिवस बारीक छिद्रांतून गुलाबी होऊन पाझरते आणि अंथरूण भिजते. ते पाहून माझी आई घाबरली होती, पण त्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग हळूहळू उतरत जाते आणि पोटाचा खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. काळेनिळे डाग खाली सरकत मांड्यांपर्यंत येतात, कातडी आठवडेच्या आठवडे बधिर राहते, हाताला गाठी लागतात. हे सारे त्रासदायक असले तरी अपेक्षित आहे.

साचलेल्या पाण्याचे मात्र तसे नाही. चरबी गेल्यावर कातडी आणि खालचा थर यांच्यामध्ये पोकळी उरते आणि तेथील लसिकावाहिन्याही, म्हणजे जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्याही, दुखावलेल्या असतात. ते दोन थर एकमेकांना नीट चिकटले नाहीत तर त्या जागी पिवळसर, पातळ द्रव जमतो, ज्याला डॉक्टर सिरोमा म्हणतात. सूज बोटाने दाबली तर खळगा पडतो आणि क्षणभर तसाच राहतो. पाणी साचले असेल तर पाठीवर निजून पोटाच्या एका बाजूला टिचकी मारल्यावर दुसऱ्या बाजूला ठेवलेल्या तळहाताला लाट जाणवते. माझ्या बेंबीखाली, साधारण हाताच्या पंज्याएवढ्या जागेत, ती लाट चक्क डोळ्यांना दिसत असे, दुधाची पिशवी ताटात ठेवून बोटाने ढकलावी तशी. अर्थात ही घरगुती परीक्षा आहे, निदान नव्हे; निदान सर्जनच्या हाताने आणि गरज पडल्यास सोनोग्राफीने होते.

माझी चूक कोठे झाली, ते आता सांगते. शस्त्रक्रियेनंतर क्लिनिकने मला एक व्हॉट्सअॅप क्रमांक दिला आणि ‘चोवीस तास केव्हाही विचारा’ असे सांगितले. त्या क्रमांकावर बोलणारी मुलगी अत्यंत गोड होती, प्रत्येक निरोपाला दहा मिनिटांत उत्तर द्यायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ताई’ म्हणायची. आठव्या दिवशी मी तिला लिहिले की पट्ट्याची घडी कमरेला रुतते आणि खाजेने झोप येत नाही. त्यावर ‘ताई, रात्री काढून ठेवलात तरी चालेल, कातडीला हवा लागू द्या’ असे उत्तर आले. मी त्याच रात्रीपासून पट्टा काढून झोपू लागले. बाराव्या दिवशी पाणी हलू लागले. मी छायाचित्र पाठवले. ‘नॉर्मल आहे ताई, सूज तीन महिने राहतेच’ असे उत्तर आले. वाक्य खरे होते, पण ते सुजेबद्दल होते आणि मला झालेले काही वेगळेच होते. मूळ सर्जन दुसऱ्या शहरातून एक शनिवार आड येत असत आणि माझी भेट कधी त्यांच्या परिषदेमुळे, कधी सणामुळे, तर एकदा काहीही कारण न देता पुढे ढकलली गेली. असे शस्त्रक्रियेपासून पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत मी पाठवलेले निरोप नंतर मोजले तेव्हा ते सदतीस भरले, आणि त्यांपैकी एकही डॉक्टरांनी पाहिला नव्हता. ती मुलगी डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. चौकशीला आलेल्या लोकांना पॅकेज समजावून सांगणे हे तिचे मूळ काम होते. व्हाउचरवर सही कोणाची आहे हे दिवसभर तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या पोटाबद्दलच्या सल्ल्याखाली सही कोणाची, हे एकदाही विचारले नाही. तिच्यावर माझा राग नाही, तिला त्या खुर्चीत बसवून डॉक्टरांचे काम करायला लावणाऱ्या व्यवस्थेवर मात्र आहे, आणि तो तीन वर्षांनंतरही तितकाच आहे.

सहाव्या आठवड्यात घराजवळच्या एका जनरल सर्जनकडे गेले. त्यांनी पोटाला हात लावला आणि मी काही सांगण्याआधीच सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला घेतली. पहिल्यांदा सुईने १४० मिलिलिटर द्रव निघाला. कातडी बधिर असल्यामुळे सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. सिरिंजमध्ये गव्हाच्या काडाच्या रंगाचे पाणी चढताना मी पाहत होते आणि पोटाचा फुगवटा समोर बसत होता. पण उशीर झाला होता. पाणी जुने झाले की शरीर त्या पोकळीला आतून अस्तर तयार करते, आणि मग कितीही वेळा काढले तरी ते पुन्हा भरते. माझे चार वेळा काढले, चारही वेळा ते भरले. अखेर चौथ्या महिन्यात ते अस्तर काढण्याची लहान शस्त्रक्रिया करावी लागली आणि सहा दिवस नळी व तिची बाटली ओढणीखाली लपवून घरात वावरावे लागले. हेच पाणी दोन-तीन आठवड्यांच्या आत काढून वर घट्ट दाब दिला असता तर बहुधा एक-दोनदा सुई टोचण्यावर निभावले असते, असे त्या सर्जननी सांगितले.

म्हणून माझे मत थोडे कठोर वाटले तरी लिहिते. लेखी निरोपांवर आता एक दिवसही घालवू नका. क्लिनिकला फोन करून ‘मला डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायचे आहे, कधी येऊ?’ एवढेच विचारा, आणि चोवीस तासांत वेळ मिळाली नाही तर दुसऱ्या प्लास्टिक सर्जनकडे जा, ज्यांच्या पाटीवर प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी स्पष्ट लिहिलेली असेल. जाताना डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेची टिपणेही मागून न्या: किती द्रव भरला, एकूण किती लिटर काढले, त्यात चरबी किती. पाच लिटरपेक्षा जास्त काढले असेल तर ते मोठ्या प्रमाणातले लायपोसक्शन समजतात आणि तशा रुग्णावर अधिक लक्ष ठेवावे लागते. हे कागद मागणे हा तुमचा हक्क आहे, मला ते मिळवायला तीन खेपा घालाव्या लागल्या. ताप येणे, लाली पसरत जाणे, वेदना कमी होण्याऐवजी वाढणे किंवा छिद्रातून दुर्गंधी येणे यांपैकी काही असेल तर उद्याचीही वाट पाहू नका. आणि एकाच पायाची पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर क्लिनिकचा विचारच न करता थेट मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा, कारण ती रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात.

पट्ट्याबद्दल. साधारणपणे पहिले दोन-तीन आठवडे तो जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे मिळून सहा आठवड्यांपर्यंत घालायला सांगतात, पण अचूक मुदत तुमच्या सर्जननीच ठरवायची. खाजेवर उपाय पट्टा काढणे हा नाही. आत शिवण नसलेला पातळ सुती बनियन घाला, दोन पट्टे घेऊन एक धुवायला टाका, अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे झाल्यावरच दुसरा चढवा आणि आरशात पाहून एकही घडी उरली नाही याची खात्री करा, कारण घडी सतत एकाच जागी राहिली तर तेथे आडवी खाच पडू शकते. माझ्या डाव्या कुशीवर ती अजून आहे. पायांची बोटे बधिर होण्याइतका किंवा श्वास अडण्याइतका घट्ट पट्टा मात्र चुकीच्या मापाचा आहे. तो बदलून घ्यावा.

शेकण्याचा सल्ला तुम्हालाही घरूनच मिळाला असेल, असा माझा अंदाज आहे. माझ्या आईच्या लेखी पोटाला पट्टा म्हणजे बाळंतपण, आणि बाळंतपण म्हणजे शेक-शेगडी व डिंकाचे लाडू. लाडू मी खाल्ले, आणि ते खायला नको होते हे वेगळे सांगायला नको. शेक मात्र खरोखर धोक्याचा आहे, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येते. बर्फाबाबतही हीच काळजी घ्यावी. त्याचप्रमाणे पार्लरमधील ‘ड्रेनेज मसाज’ सर्जननी परवानगी दिल्याखेरीज घेऊ नका. साचलेले पाणी चोळल्याने जिरत नाही. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घरच्या डब्यातून काढून न विचारता घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगून ठेवते. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सर्वसाधारण आरोग्य विम्यात वगळलेली असते, हे मला ठाऊक होते. पण तिच्यातून उद्भवलेल्या त्रासाचा खर्चही त्याच कलमाखाली नाकारला जाईल, हे पत्र हातात पडल्यावर कळले. मूळ बिलावर १८ टक्के जीएसटी दिला होता तो वेगळाच. त्यामुळे पाणी काढण्याचे पैसे मूळ पॅकेजमध्ये धरले आहेत का, हे आधी लेखी विचारून घ्या.

लग्नाच्या कपड्यांचे माप आत्ता देऊ नका. पाणी निघाल्यावर आणि सूज उतरताना कमरेचे माप दर आठवड्याला बदलेल, आणि महिन्याभरातही ते अंतिम नसेल. शिवायला टाकणे भागच असेल तर शिंप्याला कमरेत दोन्ही बाजूंनी चांगली दीड-दोन इंच माया ठेवायला सांगा, आणि लग्नाच्या दिवशी आतून पट्टा घालायचा आहे हेही त्याला माप देतानाच सांगा.