कंपनी दिवाळखोरीत गेली, मग माझ्या तक्रारीचं काय?

प्रश्न: बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं नमुने तपासते. प्लांट हेडने अंगाशी लगट केली, म्हणून मुदतीत लेखी तक्रार दिली. अंतर्गत समितीपुढे दोन सुनावण्या झाल्या आणि कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. समितीच्या अध्यक्षबाई नोकरी सोडून गेल्या. कारभार हाती घेतलेले रिझोल्युशन प्रोफेशनल म्हणतात, "कलम 14 लागलंय, सगळी प्रकरणं थांबली." चार महिन्यांचा पगार थकलाय. हिशेब चुकता करण्याचं पत्र आलंय. सही करू का?

उत्तर: ताई, नाही. निदान ते पत्र आहे तसं असताना तरी नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पगाराच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे: 'कंपनी, तिचे अधिकारी व कर्मचारी यांच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही.' पगार कंपनीने थकवला, मग त्यात अधिकारी कुठून आले? ती ओळ खोडून, शेजारी तारीख घालून सही करणार असाल तर करा. ऐकत नसतील तर पत्र तसंच ठेवा.

आता कलम 14. दिवाळखोरी संहितेतली ही स्थगिती कंपनीला आहे, कंपनीतल्या माणसांना नाही. चेक बाउन्सच्या प्रकरणांतसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली पी. मोहनराज निकालात हेच म्हटलं: कंपनीविरुद्धचा खटला थांबतो, संचालकांविरुद्धचा चालू राहतो. तुमची चौकशी तर कंपनीच्या तिजोरीला हातही लावत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात भरपाई त्रास देणाऱ्याच्या पगारातून कापतात. तो नोकरी सोडून गेला तर त्याने स्वतः भरायची. तरी भरली नाही, तर जिल्हा अधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणजे मामलतदार त्याच्या दारात उभा राहतो. कंपनी जगो की विकली जावो, त्याच्या खिशाशी तिचा संबंध नाही.

समिती कोणी भरायची? या कायद्यात मालक म्हणजे कामाच्या ठिकाणचं व्यवस्थापन, देखरेख आणि नियंत्रण ज्याच्या हाती तो. संहितेच्या कलम 17 प्रमाणे संचालक मंडळाचे अधिकार गोठले आणि व्यवस्थापन या रिझोल्युशन प्रोफेशनल साहेबांकडे आलं. त्यामुळे माझ्या मते आज मालक तेच, आणि अध्यक्षपदी वरिष्ठ महिला नेमण्याची जबाबदारीही त्यांचीच. हे ईमेलने लिहा, फोनवर नको. ते गप्प राहिले तर त्या ईमेलची प्रत जोडून जिल्हा अधिकाऱ्याकडे जा. समिती न नेमल्याबद्दल 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. माणसं दहाच्या खाली गेली तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यायची. चौकशीचे 90 दिवस उलटले म्हणून तक्रार रद्द होते, असं कायद्यात कुठेही नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला जास्त खटकली. कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं याची यादी तोच प्लांट हेड करतोय. साहेब बाहेरचे, त्यांना मशीन ओळखता येत नाही की माणूस, म्हणून ते त्याच्यावरच विसंबलेत. तेव्हा समिती पुरी होताच 2013 च्या कायद्याच्या कलम 12 खाली अर्ज द्या, की तुमच्या कामाचा शेरा त्याने लिहू नये. त्याच कलमात तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळते, पण शक्य असेल तर ती आत्ता घेऊ नका. कारण असं: प्रक्रिया सुरू झाल्यानंतरचा पगार दिवाळखोरीचा खर्च म्हणून सगळ्यांच्या आधी मिळतो, पण त्या काळात प्रत्यक्ष काम केलेल्यांनाच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात ठरवलं. हजेरीच्या पंचचा रोज मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रक्रियेआधीचे थकलेले चार महिने फॉर्म डी, म्हणजे कामगार-कर्मचाऱ्यांच्या दाव्याचा अर्ज, भरून मागायचे. जाहीर नोटिशीतली तारीख गेली असली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून 90 दिवस, किंवा खरेदीदारांकडून योजना मागवल्या जाईपर्यंत, यांतलं जे नंतर येईल तोवर दावा घेतात. ही संधी दवडू नका. योजना मंजूर झाली की तिच्यात नसलेला दावा संपतो. फॉर्ममध्ये स्वतःला 'कामगार' लिहा, पदनाम 'एक्झिक्युटिव्ह' असलं तरी. नमुने तपासणं हे तांत्रिक काम आहे, आणि कायदा कामाचं स्वरूप बघतो. फरक मोठा आहे: कंपनी अवसायनात गेलीच, म्हणजे मालमत्ता विकून बंद झालीच, तर कामगारांचा 24 महिन्यांपर्यंतचा पगार तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतो. इतर कर्मचाऱ्यांचा फक्त 12 महिन्यांचा, आणि तोही त्यांच्या मागून. पीएफचे पैसे या वाटणीत येतच नाहीत. पासबुक मात्र आजच उघडून बघा.

पोलिसांकडे जायचं की नाही हा निर्णय तुमचाच. समितीचा अहवाल येईपर्यंत थांबायची सक्ती नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली नकोशा स्पर्शाला तीन वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. पुढे कोणी कंपनी विकत घेतली तर दिवाळखोरी संहितेच्या कलम 32अ मुळे जुन्या गुन्ह्यांतून कंपनी सुटू शकते, गुन्हा करणारा माणूस नाही.

सगळ्यात आधी तक्रारीची पोच, दोन्ही सुनावण्यांचे कागद आणि प्लांट हेडचे मेसेज कंपनीच्या ईमेलवरून काढून स्वतःकडे घ्या. अशा कंपन्यांत विजेच्या बिलाआधी सर्व्हरचं भाडं थकतं, आणि मग एके दिवशी लॉगिनच होत नाही. 2013 च्या कायद्याच्या कलम 16 मुळे तुमची ओळख पटेल असा तपशील मी इथे बदलला आहे. तुम्हीही हे कागद ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका.