वरचं पातं कशामुळे फिरतं, हे त्याला विचारा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. जुन्या आराखड्यावरून शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जोडून एकट्यापुरतं जायरोकॉप्टर, म्हणजे डोक्यावर मोकळं फिरणारं पातं असलेलं छोटं उडतं यंत्र, बांधतोय. ते पुरं करायला एक वर्ष शिक्षण थांबवायचं म्हणतोय, आणि त्याचे वडील सगळं भंगारात द्यायला निघालेत. ‘यात काही भविष्य आहे, की नुसतं खूळ?’ असं तुम्ही विचारलंय.

भंगारात काही देऊ नका. शिक्षणही थांबवू देऊ नका. दोन्हींचं कारण या यंत्राच्या इतिहासातच आहे.

स्पेनचा ह्वान दे ला सिएर्वा शिकलेला स्थापत्य अभियंता. 1919 मध्ये त्याने बनवलेलं मोठं विमान वेग कमी पडून कोसळलं, तेव्हा हळू गेलं तरी पडणार नाही असं विमान करायचं त्याने मनावर घेतलं. डोक्यावर मोकळं फिरणारं पातं बसवलं, पण पहिली तीन यंत्रं एका बाजूला कलंडली. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं आणि जास्त उचलतं, दुसऱ्या बाजूचं कमी. गंमत म्हणजे त्याचं छोटं मॉडेल मात्र व्यवस्थित उडायचं. का? मॉडेलच्या पात्यांचा कणा वेताचा होता, तो लवायचा. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती. मग त्याने पात्याच्या बुडाशी बिजागरी बसवली, म्हणजे जास्त उचलणारं पातं वर जाऊन आपला जोर आपणच कमी करतं. जानेवारी 1923 मध्ये त्याचं सी-4 हे यंत्र माद्रिदजवळ उडालं. आजची कितीतरी हेलिकॉप्टरं याच कल्पनेवर उभी आहेत. वेत का लवतो आणि पोलाद का नाही, इतक्या साध्या प्रश्नाशी तो थांबला, म्हणून हे झालं.

तुमच्या मुलाच्या शेडशी थेट नातं आहे ते इगॉर बेन्सनचं. तोही अमेरिकेत रीतसर शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये एका सैनिकाला उतरवण्यासाठी फिरत्या पात्याचं बिनइंजिनाचं यंत्र करून पाहिलं होतं, जर्मन पाणबुड्यांनी तसंच एक टेहळणीसाठी दोरीने ओढलं होतं. त्या धर्तीवर बेन्सनने 1950 च्या दशकात चौकोनी नळ्यांचा सांगाडा, एका बोल्टवर झुलणारी दोन पाती आणि मागे मॅक्युलॉक कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन असं बी-8एम नावाचं जायरोकॉप्टर बनवलं. त्याचे आराखडे हौशी लोकांच्या हाती गेले. त्याच्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडते ती पायरी म्हणजे आधी इंजिनच नाही. गाडीने दोरीने ओढायचं, जमिनीपासून थोडं वर राहायचं आणि पातं हाताला काय सांगतं ते शिकायचं.

आता काळजीची बाजू, आणि ही त्याला वाचून दाखवा. जायरोकॉप्टरचं वरचं पातं इंजिनावर फिरत नाही, खालून वर येणाऱ्या हवेवर फिरतं. वेगात असताना यंत्र वळवायचा हातातला दांडा झटकन पुढे ढकलला की पात्यावरचा भार जातो. त्यात प्रोपेलरचा, म्हणजे यंत्राला पुढे ढकलणाऱ्या मागच्या पंख्याचा, रेटा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या बराच वरून जात असेल, तर नाक खाली जाऊन यंत्र उलटतं. तिथून परत येता येत नाही. अशा अपघातांत बरीच माणसं गेली. हौशी मंडळी यंत्राची शेपटी कशी असावी यावर वर्षानुवर्षं वाद घालत राहिली. पुढे ग्लासगो विद्यापीठाने गणित आणि प्रत्यक्ष उड्डाणातली मापं घेऊन दाखवलं, की रेट्याची रेषा आणि गुरुत्वमध्य यांतलं अंतर ही मुख्य गोष्ट आहे. जे शेडमध्ये सुटलं नाही ते अभ्यासाने सुटलं.

म्हणून मुलाने मेकॅनिकल किंवा एरोस्पेस घ्यावं आणि त्यात कंपनशास्त्र, गतिशास्त्र आणि धातूचा थकवा (पुन्हापुन्हा ताण पडून धातूला तडे जाणं) हे विषय मनापासून करावेत. फिरत्या पात्याचं हे ज्ञान हेलिकॉप्टर, ड्रोन, पवनचक्की सगळीकडे लागतं. गणित अजिबात झेपत नसेल आणि हातात मात्र कसब असेल, तर विमान देखभालीचं परवानाधारक शिक्षण हाही पूर्ण मानाचा रस्ता आहे. तिथे नळीला भोक पाडल्यावर कड घासून गुळगुळीत करणाऱ्या मुलाला मोल आहे, कारण तडा त्या खरबरीत कडेवरूनच सुरू होतो. तो कडा घासतो का, एकदा शेडमध्ये जाऊन बघा. मला या एका गोष्टीवरून त्याच्याबद्दल पुष्कळ कळेल.

त्याच्या वडिलांना एक सांगा. अमेरिकेतला नियम अशा यंत्राचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः बांधलेला असावा असं म्हणतो, आणि हेतू लिहितो ‘शिक्षण किंवा करमणूक’. शिक्षण हा शब्द तिथे कायद्यातच आहे.

सांगाडा सुटीच्या दिवशी बांधू द्या. रोजची वही ठेवायला लावा. कोणता बोल्ट, किती आवळला, काय चुकलं, सगळं तारखेसह. इंजिन मात्र बसवायचं नाही, जोवर तो प्रशिक्षकाबरोबर दोन आसनी यंत्रात शिकत नाही आणि सांगाडा एखाद्या जाणकार तपासनीसाच्या नजरेखालून जात नाही. ही अट लेखी घ्या, त्याची आणि वडिलांचीही सही घ्या.

आणि त्याला विचारा, त्याच्या आराखड्यात रेट्याची रेषा गुरुत्वमध्यापासून किती अंतरावर आहे. त्याने काढलेलं उत्तर, आकृतीसकट, मला पाठवा.